पाणी काचेसारखे स्वच्छ, तरी मासे का मरतात?
घरातील फिश टँकचे शुद्धीकरण : माशांची काळजी आणि घरच्यांचेही आरोग्य

घरात काचेची टाकी येते, खाली रंगीत खडे पसरले जातात, फिल्टर सुरू होतो आणि चार-सहा गोल्डफिश पाण्यात सोडले जातात. पहिले दोन दिवस सगळे घर टाकीसमोरून हलत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी एखादा मासा पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो. दुसऱ्या दिवशी तो उलटा तरंगताना दिसतो आणि आठवडाभरात टाकी रिकामी होते. पाणी मात्र काचेसारखे स्वच्छ असते. मग कोणी म्हणते, नजर लागली. कोणी म्हणते, घरावरचे संकट माशाने स्वतःच्या अंगावर घेतले. खरे कारण त्या स्वच्छ पाण्यातच विरघळलेले असते. ते डोळ्यांना दिसत नाही, एवढेच.

फिश टँक आता केवळ शहरातील दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या दर्शनी भागापुरता राहिलेला नाही. कन्नड तालुक्यातील पिशोरसारख्या मोठ्या गावांतही घराच्या बैठकीत, दुकानाच्या काउंटरवर तो दिसू लागला आहे. मात्र टाकीसोबत मिळणाऱ्या सूचना बहुधा कुठल्यातरी थंड देशातील, मऊ पाण्याच्या आणि चोवीस तास वीज असलेल्या घराला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात. बोअरचे जड पाणी, टीसीएल टाकलेला नळ, एप्रिल-मेचे ऊन आणि कधीही जाणारी वीज हे आपल्याकडचे वास्तव आहे. त्यामुळे येथील टाकीचे गणितही थोडे वेगळे मांडावे लागते.

अमोनिया : न दिसणारे विष

माणसाच्या शरीरात प्रथिनांच्या विघटनातून अमोनिया तयार होतो. यकृत त्याचे युरियात रूपांतर करते आणि मूत्रपिंडे तो लघवीवाटे बाहेर टाकतात. माशाला एवढा खटाटोप करावा लागत नाही. तो अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून थेट पाण्यात सोडतो. नदीत किंवा पिशोरजवळच्या अंजना-पळशी प्रकल्पासारख्या जलाशयात तो अफाट पाण्यात विरून जातो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत मात्र खडे वगळता जेमतेम ४५ ते ५० लिटर पाणी मावते. मासा, त्याची विष्ठा आणि उरलेले अन्न या सगळ्यांचा अमोनिया तिथेच साचतो. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाच्या रक्तात जसा टाकाऊ पदार्थांचा साठा वाढत जातो, तशीच ही स्थिती असते.

यावरचा निसर्गाचा उपाय म्हणजे जिवाणू. एका गटातील जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या गटातील जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्रादस्की यांनी १८९० च्या सुमारास मातीतील अशा जिवाणूंची ओळख जगाला करून दिली. ही दोन्ही कामे एकटाच करणारा जिवाणूही असतो, हे मात्र २०१५ मध्ये समजले. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या दोन शोधांपैकी एकातील जिवाणू मत्स्यपालनाच्या पाणी-शुद्धीकरण यंत्रणेतच सापडला होता.

हे जिवाणू फार सावकाश वाढतात. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वस्ती व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणून टाकी आणली त्याच दिवशी मासे भरणे ही सर्वांत घातक घाई ठरते. अगोदर पाणी भरून फिल्टर सुरू करावा आणि एक-दोन चिवट मासे सोडावेत. गप्पी किंवा मॉली त्यासाठी चालतात. त्यांना अगदी कमी खाद्य द्यावे आणि महिनाभराने संख्या हळूहळू वाढवावी. ओळखीच्या एखाद्या जुन्या, निरोगी टाकीतील फिल्टरच्या स्पंजचा तुकडा मिळाला तर हा काळ बराच कमी होतो, कारण त्या मळकट स्पंजमध्ये तयार वस्तीच राहत असते.

फिल्टर नेमके काय करतो?

फिल्टरची कामे तीन आहेत. पहिले काम गाळणीचे. स्पंज किंवा कापसासारखी लोकर पाण्यातील विष्ठा आणि खाद्याचे कण अडवते. दुसरे काम जैविक. स्पंज, सच्छिद्र चिनीमातीच्या नळ्या आणि खडे यांच्या पृष्ठभागावर वर सांगितलेले जिवाणू राहतात. तिसरे काम रासायनिक. सक्रिय कोळसा रंग, वास आणि औषधांचे अवशेष शोषून घेतो. पण कोळसा अमोनिया काढत नाही आणि चार-सहा आठवड्यांत त्याची शोषणशक्ती संपते. या तिन्हींत जैविक काम सर्वांत महत्त्वाचे असते आणि दुर्लक्षही त्याच्याकडेच होते.

लहान टाकीला एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर पुरतो. तो स्वस्त असतो, पाण्यात हवाही मिसळतो आणि बिघडण्यासारखे त्यात फार काही नसते. मोटर असलेला फिल्टर घ्यायचा असेल तर टाकीतील पाणी तासाला चार-पाच वेळा त्यातून फिरेल, एवढी क्षमता पाहावी. ५० लिटरच्या टाकीसाठी ती तासाला २०० ते २५० लिटर होते. अतिनील किरणांचा दिवा, म्हणजे यूव्ही, पाणी हिरवे करणारे शेवाळ आणि काही जंतू मारतो. अमोनिया मात्र त्याने कमी होत नाही. दिवा निळसर पेटलेला दिसला तरी साधारण वर्षभरात त्यातील जंतुनाशक किरणे क्षीण होतात, म्हणून तो बदलावा लागतो. उघड्या यूव्ही दिव्याकडे कधीही पाहू नये. डोळ्यांना इजा होते.

देखभालीतील सर्वांत मोठी चूक म्हणजे फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून, साबण लावून पांढराशुभ्र होईपर्यंत धुणे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जंतू मारण्यासाठीच असते आणि ते फिल्टरमधील उपयोगी जिवाणूंनाही सोडत नाही. स्वच्छता म्हणून केलेले हे काम टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर आणून ठेवते. योग्य रीत सोपी आहे. टाकीतून काढलेले जुने पाणी बादलीत घ्यावे, स्पंज त्यातच दोन-तीन वेळा पिळावा आणि परत बसवावा. तो थोडा तपकिरी राहिला तर बिघडत नाही. सगळा स्पंज आणि सगळ्या नळ्या एकाच दिवशी कधीही बदलू नयेत.

आपले पाणी, आपले हिशेब

मराठवाड्याचा बहुतांश भूभाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. त्यातून येणारे विहिरीचे आणि बोअरचे पाणी बऱ्याचदा जड आणि किंचित अल्कधर्मी असते. काचेवर उमटणारी पांढरी रेघ ही त्याचीच खूण. गप्पी, मॉली, प्लॅटी हे मासे अशा पाण्यात आनंदाने राहतात. निऑन टेट्रासारख्या मऊ पाण्यातील माशांना ते मानवत नाही. येथे आणखी एक मेख आहे. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ७ असेल तर २५ अंश तापमानाला एकूण अमोनियाचा शंभरातील एकही भाग विषारी रूपात नसतो. सामू ८ झाला की तोच भाग सुमारे पाच टक्क्यांवर जातो. म्हणजे तेवढ्याच घाणीने आपल्याकडचे मासे अधिक लवकर दगावू शकतात.

नळाच्या पाण्याची गोष्ट वेगळी. ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल पावडर टाकते आणि आरोग्य कर्मचारी ‘ओटी’ चाचणीने पाण्याला पिवळसर छटा येते का, ते पाहतात. ती छटा म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक असल्याची पावती. माणसांना अतिसार, कावीळ, विषमज्वर यांपासून वाचवणारे हेच क्लोरीन माशांचे नाजूक कल्ले जाळते. म्हणून गावात क्लोरीन कमी टाका म्हणणे चुकीचे आहे. टाकीसाठी लागणारे पाणी वेगळे काढून पसरट बादलीत चोवीस तास ठेवावे. क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे थेंब प्रमाणात घालावेत. त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असते. जुने फोटोग्राफर ज्याला ‘हायपो’ म्हणत, तेच हे रसायन.

मात्र साठवलेली ही बादली उघडी राहिली तर डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंडी घालायला आयतीच जागा मिळते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून बादलीवर पातळ फडके बांधावे आणि आठवड्याच्या कोरड्या दिवशी ती घासून पुसून कोरडी करावी. मासे मेल्यावर गच्चीवर टाकून दिलेली, तळाशी पावसाचे पाणी साचलेली टाकी हे तर डासांचे हक्काचे घर. मासे असलेल्या टाकीत मात्र ही भीती नसते. हिवताप विभाग पाणीसाठ्यांत गप्पी मासे सोडतो तो याच कारणासाठी. गप्पी डासांच्या अळ्या खातात.

आरओचे पाणी सर्वांत शुद्ध, मग माशांना तेच द्यावे, असेही काहींना वाटते. आरओमध्ये क्षार जवळपास निघून जातात. निव्वळ अशा पाण्यात माशाच्या शरीरातील क्षारांचा तोल बिघडतो आणि पाण्याचा सामूही स्थिर राहत नाही. फार जड पाणी असेल तर त्यात आरओचे थोडे पाणी मिसळणे ठीक. आरओतून बाहेर फेकले जाणारे पाणी मात्र टाकीत घालू नये, कारण क्षार त्यातच एकवटलेले असतात.

आठवड्याला दहा-बारा लिटर

फिल्टर कितीही चांगला असला तरी अखेरचे नायट्रेट पाण्यातच राहते. ते काढण्याचा घरगुती मार्ग एकच, पाणी बदलणे. दर आठवड्याला टाकीतील २० ते २५ टक्के पाणी बदलावे. दोन फुटी टाकीसाठी हे दहा-बारा लिटर होतात. सगळे पाणी एकदम बदलल्यास तापमान आणि सामू अचानक बदलतात आणि मासे हबकतात. नवे पाणी हाताला साधारण टाकीइतकेच कोमट लागले पाहिजे.

उन्हाळ्यात पाण्याची वाफ होऊन पातळी उतरते आणि लोक वरून पाणी भरतात. ही भर म्हणजे पाणी बदलणे नव्हे. वाफ फक्त पाण्याची होते, क्षार मागेच राहतात. नुसती भर घालत राहिल्यास टाकी महिन्यागणिक खारट होत जाते. टंचाईच्या काळात बादलीभर पाणी टाकून देणे जिवावर येते, हेही खरे. पण हे पाणी वाया जात नाही. त्यातील नायट्रेट म्हणजे झाडांसाठी खतच. तुळशीला, गुलाबाला, परसातल्या झाडांना ते घालावे. मिठाचा वा औषधाचा वापर झालेले पाणी आणि कच्ची खाल्ली जाणारी कोथिंबीर मात्र वगळावी.

उन्हाळ्याचा दुसरा त्रास प्राणवायूचा. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांवर तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. नेमक्या त्याच वेळी माशांची गरज वाढलेली असते. त्यात वीज गेली की फिल्टर थांबतो. काही तासांत स्पंजमधील जिवाणूही गुदमरू लागतात. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप जवळ ठेवावा. तो नसेल तर मगभर पाणी उंचावरून पुन्हा पुन्हा टाकीत ओतावे. हवा मिसळण्याची ही युक्ती जुनीच आहे. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत खापराच्या नळांतून आलेले पाणी उंचावरून हौदात कोसळते, तेव्हाही हेच घडते. वीज गेलेल्या काळात माशांना खाद्य मात्र घालू नये. एरवीही दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य दिवसातून एक-दोनदा द्यावे.

हातावरची न भरणारी गाठ

टाकीचा संबंध केवळ माशांच्या प्रकृतीशी नसतो. ‘मायकोबॅक्टेरियम मरायनम’ नावाचा जंतू माशांना आजारी पाडतो. क्षयरोगाच्या जंतूच्याच कुळातील हा जंतू १९२६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील मृत माशांमध्ये प्रथम सापडला. टाकी साफ करताना बोटावर लहानशी जखम असेल, खड्याने वा काचेने ओरखडा निघाला असेल, तर तो त्वचेत शिरतो. साधारण दोन ते चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, तिथे लालसर-जांभळी गाठ येते. ती फारशी दुखत नाही. काहींना मनगटापासून कोपराकडे एका रेषेत गाठी उठतात, काहींना व्रण होतो. या जंतूला ३० अंशांच्या आसपासचे तापमान मानवते, म्हणून तो शरीराच्या थंड भागांत, हात-बोटांतच, सहसा राहतो.

हा आजार दुर्मीळ आहे आणि एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही. अडचण आहे ती निदानाची. गाठ म्हणून मलम लावले जाते, मग नेहमीची प्रतिजैविके दिली जातात, कधी स्टिरॉइड दिले जाते आणि त्याने आजार उलट बळावतो. यात महिने जातात. तोवर जंतू बोटांच्या सांध्यापर्यंत किंवा स्नायूबंधापर्यंत पोहोचला तर बोट आखडू शकते. निदानासाठी त्वचेचा तुकडा तपासावा लागतो आणि प्रयोगशाळेत जंतू नेहमीच्या ३७ अंशांऐवजी ३० अंशांच्या आसपास वाढवावा लागतो. क्षयरोगावरची सगळी औषधे यावर चालत नाहीत. योग्य औषधे कित्येक महिने घ्यावी लागतात, पण आजार बरा होतो. म्हणून हातावरची गाठ किंवा जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही, तर डॉक्टरांना एक वाक्य आवर्जून सांगावे, ‘घरी माशांची टाकी आहे आणि ती मी साफ करतो.’ या एका वाक्याने निदान महिन्यांऐवजी दिवसांत होऊ शकते.

ज्यांचा मधुमेह आटोक्यात नाही, ज्यांना संधिवातासाठी वा प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू आहेत, ज्यांच्यावर कर्करोगाचे उपचार चालू आहेत, त्यांनी टाकी साफ करण्याचे काम घरातील दुसऱ्या निरोगी व्यक्तीकडे द्यावे. इतरांनीही हाताला जखम असेल तर लांब रबरी हातमोजे वापरावेत आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. टाकीचे सामान स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नये. नळी तोंडाने ओढून पाणी काढण्याची सवय तर सोडूनच द्यावी. नळी आधी पाण्याने पूर्ण भरून, एक टोक बोटाने दाबून खाली धरले की पाणी आपोआप वाहू लागते.

टाकीत कासव ठेवण्याची हौस वेगळा धोका आणते. लहान कासवांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात आणि मुले त्यांना हाताळून तोच हात तोंडात घालतात. याच कारणाने अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे बहुतेक देशी कासवे पाळणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे.

माशाचे तपकिरी रक्त आणि बाळाची निळी कांती

नव्या टाकीत अमोनियानंतर नायट्राइट वाढते. ते माशाच्या रक्तातील हिमोग्लोबिनचे मेटहिमोग्लोबिन करते. अशा रक्ताचा रंग तपकिरी होतो आणि ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. पाण्यात प्राणवायू असूनही मासा धापा टाकतो. हेच तान्ह्या बाळांतही घडू शकते. कापूस, मका, अद्रक या पिकांना घातलेल्या नत्रखतांचा आणि शेणखड्यांचा, शौचालयाच्या शोषखड्ड्यांचा निचरा विहिरीत उतरला की पाण्यात नायट्रेट वाढते. वरचे दूध अशा पाण्यात कालवून दिले, तर सहा महिन्यांखालील बाळाच्या शरीरात नायट्रेटचे नायट्राइट होऊन बाळ निळसर पडू शकते. पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. पाणी उकळल्याने नायट्रेट कमी होत नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते.

माशांच्या दुकानात काही रुपयांत मिळणाऱ्या चाचणीपट्ट्यांवर नायट्रेटचा रकाना असतो. टाकीत भरण्यापूर्वीच बोअरच्या पाण्याने तो गडद रंग दाखवला, तर प्रश्न केवळ माशांचा राहत नाही. पट्टी ही खात्रीची तपासणी नव्हे, पण पाण्याचा नमुना ग्रामपंचायत किंवा आरोग्य केंद्रामार्फत प्रयोगशाळेत पाठवायला ती पुरेसे कारण आहे. घरात तान्हे बाळ असेल तर अहवाल येईपर्यंत ते पाणी बाळाच्या दुधासाठी वापरू नये. सहा महिन्यांपर्यंत केवळ आईचे दूध हा सल्ला या बाबतीतही बाळाचे रक्षणच करतो.

औषधे, फवारे आणि वीज

मासा सुस्त दिसला की दुकानदार निळे थेंब किंवा पिवळी पावडर देतो. निळे थेंब बहुधा मिथिलीन ब्ल्यूचे असतात. रुग्णालयात हेच औषध मेटहिमोग्लोबिन वाढलेल्या रुग्णाला शिरेतून दिले जाते. टाकीत मात्र ते फिल्टरमधील जिवाणूंनाही मारते, म्हणून आजारी मासा वेगळ्या भांड्यात ठेवूनच ते वापरावे. पिवळ्या पावडरीत अनेकदा प्रतिजैविक असते. नेमका आजार न ओळखता ते पाण्यात टाकत राहिल्यास औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात आणि ते पाणी शेवटी गटारात, मातीत जाते. बहुतेक वेळा सुस्त माशाला औषधाची नव्हे, पाणी बदलण्याची गरज असते.

डास मारण्याच्या फवाऱ्यांत आणि धुरळणीत वापरली जाणारी पायरेथ्रॉइड वर्गातील औषधे माशांना फार विषारी असतात. एअर पंप खोलीतील हवाच पाण्यात ढकलतो. त्यामुळे घरात फवारा मारताना किंवा गल्लीत धुरळणी होताना टाकी झाकावी आणि पंप थोडा वेळ बंद ठेवावा. शेतातील फवारणीची बादली किंवा मग कितीही धुतला तरी टाकीसाठी वापरू नये. घरातल्या पाण्यासाठी तर नाहीच नाही.

पाणी आणि वीज एकत्र असल्याने शॉकचा धोकाही असतो. टाकीत हात घालण्यापूर्वी हीटर, फिल्टर, दिवा, सगळ्यांचे प्लग काढावेत. वायर सॉकेटच्या खाली झोळीसारखी लोंबती ठेवावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे थेंब सॉकेटमध्ये न जाता खाली पडतात. घराला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. हा खर्च टाकीसाठी नाही, घरातील प्रत्येकासाठी आहे.

टाकीचा कंटाळा आला तर?

काही महिन्यांनी हौस ओसरते, मासे मोठे होतात आणि कोणी ते ‘पुण्य’ म्हणून नदीत किंवा धरणात सोडतो. हे पुण्य नव्हे. काच साफ करतो म्हणून आणलेला सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील. तो देशातील अनेक नद्या-तलावांत पसरला असून देशी माशांचे अन्न आणि जागा बळकावत आहे. अंजनेच्या पाण्यावर जाळे टाकून पोट भरणाऱ्यांच्या जाळ्यात उद्या तो येऊ नये, असे वाटत असेल तर नको असलेले मासे दुकानात परत द्यावेत किंवा दुसऱ्या टाकीवाल्याला द्यावेत.

टाकी सांभाळणे खर्चिक नाही, ते नेमाचे काम आहे. कमी मासे, कमी खाद्य, आठवड्याला दहा-बारा लिटर पाणी आणि जुन्या पाण्यात पिळलेला स्पंज एवढे जमले तर मासे वर्षानुवर्षे जगतात. गोल्डफिश तर नीट ठेवला तर दहा वर्षेही जगतो. हे काम मुलांकडे, मोठ्यांच्या देखरेखीखाली, जरूर सोपवावे. विहिरीत काय झिरपते, टीसीएल कशासाठी टाकतात, स्वच्छ दिसणारे पाणी तपासावे का लागते, या प्रश्नांची उत्तरे पुस्तकाआधी त्यांना टाकीपाशी मिळतील.